गाडी जुंपण्यापूर्वी

केप टाऊन सोडून बैलगाडीने उत्तरेकडे निघालेल्या मनुष्याला, वाटेत ऑरेंज नदीला पूर आला नाही, बैल दगावले नाहीत आणि गाडीचा आख शाबूत राहिला, तर कुरुमनच्या मिशन-ठाण्यावर पोहोचायला दोन महिने तरी लागत. आणि या तिन्ही गोष्टी एकाच प्रवासात अनुकूल घडून आल्याचे उदाहरण विरळ. आधी कारूचा ओसाड माळ, मग नदी, आणि तिच्या पलीकडे, कलाहारी वाळवंटाच्या दक्षिण सीमेवर, खडकाच्या पोटातून अहोरात्र वाहणारा व दिवसाला सुमारे दोन कोटी लिटर पाणी देणारा एक झरा. या झऱ्याच्या आधाराने रॉबर्ट मॉफट नावाच्या स्कॉटिश गृहस्थाने 1820 नंतरच्या दशकात लंडन मिशनरी सोसायटीचे ठाणे वसवले. हा गृहस्थ पेशाने माळी होता. धर्मोपदेशकाला पाटाचे पाणी वळवता येणे किती उपयोगाचे आहे, हे कुरुमनच्या फळबागेने पुढे सिद्ध केले. ज्या रोपवाटिकेत तो इंग्लंडात नोकरीला होता तिच्या मालकाची कन्या मेरी स्मिथ, हिने आईवडिलांचा विरोध मावळेपर्यंत वाट पाहिली, एकटीने समुद्रप्रवास केला आणि 27 डिसेंबर 1819 रोजी केप टाऊनमध्ये त्याच्याशी विवाह केला. विवाहानंतर त्या काळच्या इतर वधू माहेरच्या मंडळींना भेटीची पत्रे लिहीत असतील. ही बाई गाडीचा सरंजाम जमवायला लागली.

आफ्रिकेतील मिशनऱ्यांच्या प्रवासांविषयी ग्रंथ पुष्कळ आहेत, आणि त्या ग्रंथांत सिंह, ज्वर, सरदारांच्या भेटी व नद्यांचे उगम यांचे वर्णन सविस्तर असते. निघण्यापूर्वीची दोन-चार महिन्यांची घरगुती धावपळ मात्र एखाद्या वाक्यात, तीही बहुधा कर्मणी प्रयोगात, उरकलेली असते: ‘तयारी करण्यात आली’, ‘गाड्या भरण्यात आल्या’. कोणी भरल्या? माझे लक्ष या कर्मणी प्रयोगाच्या आत कोण दडले आहे याकडे राहिले, आणि मॉफट व लिव्हिंगस्टन या सासरे-जावयांच्या कुटुंबांचे कागद त्या दृष्टीने वाचू लागल्यावर आफ्रिकेच्या प्रसिद्ध नकाशामागे साबणाची कढई, मेणबत्त्यांचे साचे आणि आंबवलेल्या कणकेचे भांडे दिसू लागले.

प्रथम गाडीविषयी लिहिले पाहिजे, कारण ती केवळ वाहन नव्हती. चार-सहा महिने तेच घर. केपची ही गाडी लांबलचक, चार चाकांची, वर ताडपत्रीचे कमानदार छत. तिला बारापासून सोळापर्यंत बैल, जोडीमागे जोडी, एका लांब मध्यवर्ती दोराला जुंपलेले. हा दोर कच्च्या कातड्याच्या वाद्या पिळून केलेला असे. पुढच्या जोडीचा कासरा धरून एक पोरगा चाले, आणि हाकणारा गडी लांबलचक आसूड घेऊन प्रत्येक बैलाला त्याच्या नावाने हाक मारी. नाव घेतल्यावर बैलाने अंग झाडून जोर लावला पाहिजे, ही त्याच्या शिक्षणाची कसोटी. आत पुढे-मागे लाकडी पेट्या, आणि मध्ये वाद्यांनी विणलेली बाज, जिच्यावर मुले निजत, आजारी माणसे कण्हत आणि प्रसंगी बाळंतपणेही होत. निघण्याआधी या गाडीची तपासणी एखाद्या सरकारी इमारतीच्या तपासणीइतकी कसून करावी लागे. कोरड्या हवेत चाकाचे लाकूड आकसते, आरे तुंब्यात खुळखुळतात, लोखंडी धाव सैल होऊन भर माळावर निसटते. म्हणून चाके पाण्यात भिजत घालायची, पाचरी ठोकायच्या, जादा आरे, जादा शिवळा, जादा वाद्या बांधून घ्यायच्या, आणि चरबी व डांबर एकत्र करून त्याचे वंगण भांड्यात भरून आखाखाली टांगायचे. आपल्या देशावरच्या जुन्या गाडीवानाला यातील एकही गोष्ट समजावून सांगावी लागली नसती. त्याच्याही गाडीला वंगणाचा नळा लटकलेला असेच.

सुतार, लोहार आणि चांभार ही तिन्ही कामे मिशनरी स्वतः करीत असे, कारण कारागिराचे गाव शेकडो मैलांवर. मॉफटने आणखी एक धंदा शिकून घेतला. सेत्स्वाना भाषेत त्याने केलेले लूकच्या शुभवर्तमानाचे भाषांतर छापायला 1830 मध्ये तो केप टाऊनला गेला, तेव्हा तेथे या कामाला माणूस मिळेना. तेव्हा त्याने स्वतःच खिळे जुळवण्याची व यंत्र चालवण्याची विद्या हस्तगत केली, आणि परतीच्या गाडीत लोखंडी छापयंत्र, खिळे, शाई व कागद घालून ते सर्व ओझे कुरुमनला नेले. ज्या गाडीत कुटुंबाचे धान्य, औषधे व कपडे घ्यायचे तिच्यात लोखंडाचे असे धूड चढवायचे, तर घरच्या सामानाला किती कात्री लागली असेल, याचा हिशेब गृहिणीनेच करावा. पुढे संपूर्ण बायबल 1857 मध्ये याच ठाण्यावर पूर्ण झाले.

या मेरी मॉफटबाईंच्या पत्रांतील एक मजकूर मराठी वाचकाला विशेष वाटावा असा आहे. जमीन शेणाने सारवण्याची चाल त्यांनी प्रथम पाहिली तेव्हा ती त्यांना अत्यंत किळसवाणी वाटली. परंतु काही काळाने त्यांनी इंग्लंडला कळवले की आता आठवड्यातून एकदा सारवण झाल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही, कारण धूळ बसायला आणि पिसवांचा नायनाट व्हायला शेणासारखा दुसरा उपाय नाही. इंग्लंडमधल्या सुखवस्तू घरात वाढलेल्या बाईला हे ज्ञान कोणत्याही सोसायटीच्या सूचनापत्रिकेने दिले नव्हते. ते त्या मुलखातल्या बायकांनी दिले. प्रवासाच्या तयारीतले निम्मे शहाणपण याच शाळेतले आहे, आणि त्या शाळेतील बहुतेक शिक्षिकांची नावे दप्तरात नाहीत.

मॉफट दांपत्याची थोरली कन्या, तीही मेरीच, 1821 मध्ये जन्मली आणि गाडीतच लहानाची मोठी झाली म्हटले तरी चालेल. सेत्स्वाना तिच्या तोंडी बालपणापासूनची. 1845 च्या जानेवारीत तिने डेव्हिड लिव्हिंगस्टन या, सिंहाच्या हल्ल्यातून वर्षभरापूर्वी बचावलेल्या, डाव्या हाताने अधू झालेल्या तरुण डॉक्टरशी कुरुमनला लग्न केले. दोन ठाणी बदलून 1847 मध्ये हे कुटुंब कोलोबेंगला स्थिरावले. हे स्थान आजच्या बोट्स्वानाच्या राजधानीपासून फार दूर नाही. तेथे क्वेना लोकांचा सरदार सेचेले राहत होता. लिव्हिंगस्टनच्या हातून पुढे त्याने बाप्तिस्मा घेतला. विवाहित मिशनऱ्याचा मुशाहिरा वर्षाला शंभर पौंड. धान्य पुष्कळदा कुरुमनहून, म्हणजे दोनशेहून अधिक मैलांवरून, आणायचे. पाऊस वर्षानुवर्षे रुसलेला.

लिव्हिंगस्टनने आपल्या ग्रंथात या संसाराची जी थोडी पाने दिली आहेत ती मला त्याच्या साऱ्या भौगोलिक शोधांपेक्षा वाचनीय वाटतात. पाव कसा भाजायचा? वारुळात मोठे भोक कोरून, दगडी शिळेचे दार लावून भट्टी करायची. किंवा जमिनीवर जाळ करून ती चांगली तापली की राख बाजूला सारून कणकेचा गोळा ठेवायचा, वर धातूचे भांडे पालथे घालायचे, भोवती राख लोटायची आणि भांड्याच्या माथ्यावर पुन्हा लहानसा विस्तव घालायचा. आधीच्या पावाचे थोडे आंबवण कणकेत मिसळून ती तास-दोन तास उन्हात ठेवली की पाव हलका होतो. लोणी बरणीतच घुसळायचे. मेणबत्त्या घरच्या साच्यात. परंतु खरी तपश्चर्या साबणाची. त्याला लागणारा क्षार क्षारवनस्पतींच्या राखेतून किंवा लाकडाच्या राखेतून काढायचा. आणि त्या भागातील लाकडाच्या राखेत क्षाराचा अंश इतका अल्प की राखेचे पाणी पुन्हा पुन्हा नवे घालून चरबी महिना-दीड महिना उकळत ठेवावी, तेव्हा कोठे तिचा साबण होतो. याचा अर्थ असा की प्रवासाची तारीख ठरण्याआधी दीड महिना मेरीबाईंची कढई चुलीवर चढलेली असली पाहिजे. पुरुषाने एखाद्या सायंकाळी सरोवराचे स्वप्न बोलून दाखवावे आणि दुसऱ्या दिवसापासून अंगणात राखेची गाळणी सुरू व्हावी, अशा क्रमाने हा महान भूगोल घडत होता.

साबणानंतर कपडे. मुलांची वाढती अंगे, काटेरी झुडपांतला रस्ता, आणि कापडाचा नवा तागा येणार तो केप टाऊनहून, तेव्हा जुने उसवून नवे शिवणे हे रात्रीचे काम. मग वाळवणे: हरणाच्या मांसाच्या लांब फिती मीठ लावून दोरीवर टाकायच्या, पाव कापून दुसऱ्यांदा भाजून कडक करायचा. चहा, कॉफी, साखर मोजून. मणी रंगांप्रमाणे वेगळे करून पिशव्यांत; कारण एका टोळीत ज्या रंगाला शेळी मिळते तोच रंग पुढच्या टोळीत कोणी फुकट घेत नाही, आणि ही आवडनिवड दोन-चार वर्षांत बदलतेही. बंदुकीची दारू व शिसे वेगळ्या पेटीत. औषधांच्या पेटीत मुख्यतः कोयनेल. डॉक्टरसाहेब रेवाचिनी, जलापाची राळ, कॅलोमेल व कोयनेल एकत्र करून ज्वरावर स्वतःच्या गोळ्या वळत आणि त्या बांधायला वेलदोड्याचा अर्क वापरीत. पाण्याची पिपे सर्वांत शेवटी भरायची, कारण ती भरली की जड.

1849 च्या जूनमध्ये लिव्हिंगस्टन एन्गामी सरोवराच्या शोधाला निघाला तो कुटुंबाशिवाय. सोबत विल्यम कॉटन ऑस्वेल हा धनिक शिकारी होता. कंपनी सरकारच्या मद्रास इलाख्यातील नोकरीत काही वर्षे काढून, तेथल्या तापाने खंगून हा गृहस्थ आफ्रिकेत आला होता. मोहिमेच्या खर्चाचा मोठा भार त्याचाच, आणि कीर्तीचा वाटा त्याने मागितला नाही. पुढच्या वर्षी, एप्रिल 1850 मध्ये, तीन मुलांसह मेरीबाईही निघाल्या. सरोवराकाठी दोन मुलांना ज्वर आला, बैलांना घातक अशा त्सेत्से माशीचा मुलूख पुढे पसरलेला, तेव्हा माघार घ्यावी लागली. परतल्यावर ऑगस्टमध्ये कोलोबेंगला एक कन्या जन्मली व दीड महिन्यांतच गेली. बाळंतिणीच्या चेहऱ्याची एक बाजू काही काळ लुळी पडली. त्या बाळाची कबर कोलोबेंगच्या अवशेषांत आहे.

एवढे होऊनही 1851 मध्ये पुन्हा गाड्या भरू लागल्या, आणि मेरीबाई पुन्हा गरोदर होत्या. हे कुरुमनला कळले तेव्हा थोरल्या मेरी मॉफट यांनी जावयाला एक पत्र धाडले. सासूने जावयाला लिहिलेली पत्रे इतिहासात क्वचित टिकतात. हे टिकले, कारण लिव्हिंगस्टनने ते स्वतःच्या रोजनिशीत उतरून ठेवले. बाईंनी गेल्या वर्षीच्या मेलेल्या बाळाची आठवण दिली, बाकीची मुले थोडक्यात वाचली हे सुनावले, आणि दिवस गेलेल्या बाईला तीन लहान लेकरांसह, परक्या पुरुषांच्या जमावात, रानोमाळ फिरवणे हे माणुसकीला व मर्यादेला सोडून आहे, असा स्पष्ट अभिप्राय दिला. ज्या बाईने स्वतः तीस वर्षे गाडीत संसार केला तिचा हा अभिप्राय होता. शहरातल्या नाजूक मेजवानीतला नव्हे. जावयाने पत्र उतरून घेतले आणि गाड्या पुढे हाकल्या.

त्याची बाजू काय होती? मागे एकटे ठेवायचे तर कोलोबेंगला दुष्काळ, आसपास बोअर लोकांचा धाक, आणि मुक्काम सरदाराच्या भरवशावर. कुरुमनला ठेवायचे तर सासूच्या घरी; त्याला ते रुचत नसे. शिवाय उत्तरेकडे नवे, निरोगी ठाणे शोधून कुटुंबासह तेथेच राहायचे, असा त्याचा बेत होता. हे सर्व खरे धरले तरी मला त्याचे समर्थन अपुरे वाटते. ज्याच्या तयारीला दुसऱ्याचे दीड महिन्याचे श्रम लागतात, त्या प्रवासाचा निर्णय त्या दुसऱ्याला वगळून व्हावा, यात त्या काळच्या रूढीचा जेवढा दोष आहे तेवढाच त्या माणसाच्या स्वभावाचाही आहे.

तरतूद या वेळी अधिक सावधपणे झाली, हे मात्र नमूद केले पाहिजे. ऑस्वेल पुढे जाऊन वाटेवरच्या विहिरी उपसून ठेवी, जेणेकरून मागून येणाऱ्या बायकामुलांच्या गाड्यांना पाणी मिळावे. परंतु कलाहारीच्या पलीकडच्या सपाट, निर्जल प्रदेशात शोबो नावाचा वाटाड्या दिशा चुकला आणि नंतर नाहीसाच झाला. आणि गाडीतले पिपातले पाणी एका नोकराच्या हयगयीने वाया गेले. उरले ते मुलांपुरतेच. मुले तहानेने व्याकूळ झाली. लिव्हिंगस्टनने पुढे लिहून ठेवले की मुलांच्या आईने दोषाचा एक शब्दही उच्चारला नाही, आणि तिने बोल लावला असता तर आपल्याला काहीसे हलके वाटले असते. पाचव्या दिवशी दुपारी पाठवलेली माणसे पाणी घेऊन परतली. याच मोहिमेत माशीच्या दंशाने त्रेचाळीस बैल गेले. चोबे नदीकाठी कुटुंब थांबले, लिव्हिंगस्टन व ऑस्वेल झांबेझीपर्यंत जाऊन आले, आणि परतीच्या वाटेवर झोउगा नदीच्या तीरावर सप्टेंबरात मुलगा झाला. त्याचे नाव विल्यम ऑस्वेल ठेवले. घरात त्याला नदीच्या नावाने हाक मारीत.

निरोगी ठाणे सापडले नव्हते. आता निघायची तयारी करायची ती उलट्या दिशेने: बायकामुलांना विलायतेला रवाना करायचे. मार्च 1852 मध्ये हे कुटुंब केप टाऊनच्या रस्त्यांवर उतरले तेव्हा लोक वळून पाहत असावेत, कारण लिव्हिंगस्टनच्याच कबुलीप्रमाणे त्याचा काळा कोट अकरा वर्षांपूर्वीच्या फॅशनचा होता, आणि मुलांच्या अंगावर बोटीत बसण्याजोगे धड वस्त्र नव्हते. सोसायटीकडचा मुशाहिरा आगाऊ उचललेला. हातात पैसा नाही. हस्तिदंताचा पैसा गाठीशी असलेला ऑस्वेल पुन्हा पुढे झाला, आणि आई व चार मुले यांचे पोशाख, गरम कपडे, पेट्या ही सर्व खरेदी त्याच्या खर्चाने झाली. उपकाराचे ओझे वाटू नये म्हणून त्याने असा युक्तिवाद केल्याचे सांगतात की हे हत्ती तुमच्याच मुलखातले, म्हणून त्या पैशावर हक्क तुमचाच. 23 एप्रिल 1852 रोजी बोट सुटली. पुढची चार-साडेचार वर्षे मेरीबाईंनी इंग्लंड-स्कॉटलंडात भाड्याच्या खोल्यांतून काढली, आणि आफ्रिकेच्या उन्हात जे सोसले त्याहून तेथल्या थंडीत व नातेवाइकांच्या घरांत अधिक सोसले.

लिव्हिंगस्टन केप टाऊनलाच मागे राहिला, आणि त्याची स्वतःची कामे आता भराभर उरकू लागली. घशाच्या जुन्या दुखण्यावर इलाज म्हणून त्याने पडजीभ कापून घेतली. रोज प्रवचन करणाऱ्या माणसाच्या तयारीत हीही एक बाब. वेधशाळेचे प्रमुख टॉमस मॅक्लिअर यांच्याकडे बसून तारे पाहून अक्षांश-रेखांश काढण्याचा सराव केला. बंदुकीच्या दारूचा परवाना मिळवताना वसाहतीच्या अंमलदारांनी खेटे घालायला लावले, कारण सीमेवर तेव्हा लढाई चालू होती आणि आफ्रिकनांचा कैवारी म्हणून हा मिशनरी बदनाम होता. कुरुमनला येताना गाडीचे एक चाक मोडले व काही दिवस खोळंबा झाला. त्या खोळंब्यामुळे तो कोलोबेंगला वेळेवर पोहोचला नाही, आणि म्हणूनच ऑगस्ट 1852 मध्ये बोअरांनी सेचेलेच्या गावावर हल्ला केला तेव्हा तो तेथे नव्हता. घर लुटले गेले, औषधांच्या बाटल्या फोडल्या, पुस्तकांची पाने फाडून उधळली. साचे, बरण्या, कढया यांचे काय झाले असेल ते सांगायला नको.

नोव्हेंबर 1853 मध्ये चोबे नदीच्या परिसरातील लिन्यांतीहून पश्चिम किनाऱ्याकडे निघताना त्याने जे सामान घेतले ते त्याने अभिमानाने नोंदवून ठेवले आहे: सुमारे पंधरा इंचांच्या पत्र्याच्या चार पेट्या. एकीत शर्ट, पाटलोणी व जोडे; दुसरीत औषधे; तिसरीत नाविक पंचांग, लॉगॅरिथमची कोष्टके व बायबल; चौथीत चित्रे दाखवायचा जादूचा कंदील. त्याखेरीज एक छोटा तंबू, पांघरायला मेंढीचे कातडे, अंथरायला घोड्याची झूल, थोडी बिस्किटे, चहा, साखर, सुमारे वीस पौंड कॉफी, थोड्या बंदुका, चाळीस शिलिंगांचे मणी, आणि सेक्स्टंट, घड्याळ, होकायंत्र. कमी ओझे घेणे हीच यशस्वी प्रवासाची कला, असे त्याचे मत. मत चुकीचे नाही. मात्र ज्या कलेने तो आफ्रिका एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत ओलांडू शकला, त्या कलेचा पहिला धडा म्हणजे चार मुले व पत्नी यांना यादीतून वगळणे हा होता.

1858 च्या झांबेझी मोहिमेत मेरीबाई पुन्हा निघाल्या, पुन्हा गरोदर राहिल्यामुळे केप टाऊनला उतरल्या. 1862 च्या आरंभी अखेर झांबेझीच्या मुखाशी पोहोचल्या, आणि 27 एप्रिल रोजी शुपांगा येथे ज्वराने निवर्तल्या.

यापुढची तयारी मुंबईत झाली. झांबेझी मोहीम गुंडाळल्यावर ‘लेडी न्यासा’ ही स्वतःच्या पैशाने बांधलेली लहानशी आगबोट गुलामांच्या व्यापाऱ्यांच्या हाती पडू नये, म्हणून लिव्हिंगस्टनने ती झांझिबारहून थेट मुंबईला हाकारली. सोबत तीन गोरे, समुद्र कधी न पाहिलेले सात झांबेझीकाठचे लोक आणि दोन मुलगे. 30 एप्रिल 1864 रोजी निघून, पावसाळा तोंडाशी आला असताना, 13 जूनला ही बोट मुंबईच्या बंदरात शिरली. ती इतकी चिमुकली की आली हे फारसे कोणाच्या ध्यानातही आले नाही. चुमा व विकातानी या दोन मुलांना डॉ. जॉन विल्सन यांच्या मिशनशाळेत ठेवून तो विलायतेला गेला, आणि 1865 च्या सप्टेंबरात परत आला. त्या वेळी मुंबई कापसाच्या तेजीतून मंदीत कोसळलेली होती. सहा हजार पौंडांची बोट दोन हजार तीनशेला विकावी लागली, आणि ती रक्कमही हिंदुस्थानातील ज्या पेढीत ठेवली ती लवकरच बुडाली.

माणसे कोठून आणायची? या प्रश्नाचे एक उत्तर नाशिकला होते. अरबी गलबतांवरून आरमाराने सोडवलेली आफ्रिकन मुले मुंबईस उतरवली जात, आणि त्यांतील पुष्कळांना नाशिकजवळच्या शरणपूर येथे चर्च मिशनरी सोसायटीच्या आश्रमात ठेवून रेव्हरंड विल्यम सॉल्टर प्राइस यांच्या देखरेखीखाली लिहिणे-वाचणे, सुतारकाम, लोहारकाम शिकवले जाई. लिव्हिंगस्टन नाशिकला गेला आणि यातून नऊ तरुण निवडले गेले. ज्या मुलखातून लहानपणी दोरखंडात बांधून यांना नेले होते, तिकडे आता पगारी माणसे म्हणून जायचे. गोदावरीच्या काठी वाढलेल्या या तरुणांनी पेट्या बांधताना काय बरोबर घेतले असेल, याची कल्पना नाशिकचा वाचक माझ्यापेक्षा बरी करू शकेल.

बाकीचा बंदोबस्त गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांच्या मेहेरबानीने झाला. मरीन बटालियनचे तेरा शिपाई मिळाले. उंट, रेडे व म्हशी, खेचरे, गाढवे मिळाली. म्हशींमागे एक तर्क होता: आफ्रिकेच्या रानरेड्याला त्सेत्से माशी बाधत नाही, तर त्याच्या हिंदुस्थानी भावंडांनाही बाधू नये, आणि तसे ठरले तर त्रेचाळीस बैलांचा प्रश्न कायमचा सुटेल. सरकारने झांझिबारच्या सुलतानास नजर म्हणून पाठवायची ‘थूल’ ही आगबोट होती. तिच्यावरून लिव्हिंगस्टननेच जावे व ती नजरही त्यानेच सादर करावी, अशी तजवीज करून सोबत शिफारसपत्र दिले. जानेवारी 1866 च्या पहिल्या आठवड्यात हा सगळा लवाजमा मुंबईहून निघाला. शिपायांनी जनावरांचे इतके हाल केले की ती माशीने मेली की माराने, हे निश्चित करता आले नाही आणि प्रयोग फुकट गेला. माशीच्या दंशातून कोणता जंतू रक्तात शिरतो हे डेव्हिड ब्रूस यांनी 1895 च्या सुमारास झुलुलँडमध्ये दाखवून दिले तेव्हा म्हशींचा तो तर्क इतिहासजमा झाला. शिपायांना काही महिन्यांतच परत पाठवावे लागले. नाशिकच्या तरुणांनाही लिव्हिंगस्टनने आरंभी पुष्कळ बोल लावले. तरी त्यांतील काही शेवटपर्यंत टिकले, आणि 1872 मध्ये पत्रकार स्टॅन्लेने किनाऱ्यावरून जी नवी कुमक धाडली तिच्यात नाशिकचे आणखी काही लोक आले. जेकब वेनराइट त्यांतला. याला इंग्रजी लिहिता येत होते.

मे 1873 च्या आरंभी चितांबोच्या गावी लिव्हिंगस्टन वारला. त्याचे जुने सोबती सुसी व चुमा यांनी सर्व माणसांना एकत्र बोलावले, पेट्या सगळ्यांच्या देखत उघडल्या, आणि आतील जिनसांची यादी करायचे काम जेकबकडे सोपवले. त्याने ती मृताच्याच टिपणवहीत लिहिली. दीड शिलिंगाच्या आसपास नाणी, एक टोपी, एक घड्याळ, एक होकायंत्र, मोजमापाची निरनिराळी यंत्रे. यंत्रांची इंग्रजी नावे त्याला ठाऊक नव्हती, म्हणून त्याने ‘दुसऱ्या प्रकारचे’, ‘आणखी दुसऱ्या प्रकारचे’ असे लिहून संख्या नेमकी टाकली. पुढच्या एप्रिलात वेस्टमिन्स्टर ॲबीतील अंत्यविधीत शवपेटीचे मानकरी म्हणून तो आणि ऑस्वेल दोघेही होते, आणि म्हातारा मॉफटही त्या विधीला हजर होता. पण चितांबोच्या झोपडीत यादी लिहिताना त्याच्या व त्याच्या सोबत्यांच्या मनात एवढेच होते की किनाऱ्यापर्यंत हजार मैलांहून अधिक वाट आहे, तेथे पोहोचल्यावर साहेबलोक विचारतील, आणि तेव्हा एकाही जिनसाबद्दल कोणावर बालंट येता कामा नये.